दाताला लागते ती 'कीड' कोणती?

'दाताला कीड लागली' असे आपण सहज म्हणतो. पण ही कीड कोणी पाहिली आहे काय? वांग्यात निघते तशी अळी दाताच्या भोकात नसते. तरीही अनेक शतके लोकांची तशीच समजूत होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ही कीड 'पाडण्याचा' उपायही करीत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने मात्र १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले की, शोधूनही त्याला दातात अळी सापडली नाही. मग दात पोखरते कोण?

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने याचे उत्तर शोधले. त्याने उपटलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात उबदार जागी ठेवले. काही काळाने ते मऊ पडले. पावाऐवजी चरबीयुक्त मांस घातले, तेव्हा तसे झाले नाही. लाळ आधी तापवून उकळली, तेव्हाही दात शाबूत राहिले. यावरून तुम्ही काय अनुमान काढाल? लाळेतील सूक्ष्म जंतू गोड व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताला खाते! मिलरने १८९० साली हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिजाचा असतो. दातावर जंतूंचा चिकट थर बसतो. आपण साखर खाल्ली की काही मिनिटांतच त्या थरात आम्ल तयार होते. तेथील पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. पण लाळ स्वस्थ बसत नाही. ती आम्ल धुऊन टाकते, निष्प्रभ करते आणि विरघळलेले खनिज थोडेथोडे परत आणून बसवते. या कामाला तिला अर्धा ते एक तास लागतो.

आता एक हिशोब करा. पाच गोळ्या जेवणानंतर एकदम खाल्ल्या, तर लाळेला एकदाच झुंजावे लागते. त्याच पाच गोळ्या दिवसभर तासातासाने चघळल्या तर? लाळेला उसंतच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे.

सुरुवातीला दातावर फक्त पांढुरका डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लुओराइडयुक्त पेस्टने नियमित दात घासले, तर दात सावरू शकतो. पण एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. मोडलेले हाड जुळते, कारण त्यात जिवंत पेशी असतात. एनॅमलमध्ये त्या नसतात.

एनॅमलखाली मऊ दंतिन आणि त्याच्या आत नसा व रक्तवाहिन्या असलेला मगज असतो. कीड दंतिनात शिरली की थंड वा गोड पदार्थांनी दात शिवशिवतो. मगजापर्यंत पोचली की ठणका सुरू होतो. म्हणजे ठणका हा रोगाचा आरंभ नव्हे, तो फार पुढचा टप्पा आहे!

खड्डा उथळ असतानाच गेलात, तर दंतवैद्य किडका भाग कोरून काढतात आणि खड्ड्यात दाताच्याच रंगाचे कॉम्पोझिट किंवा दुसरा योग्य पदार्थ भरतात. वेळ लावलात, तर 'रूट कॅनाल' करावे लागते. त्यात मगज काढून टाकतात, मुळातील नलिका स्वच्छ करतात आणि त्या भरून बंद करतात. त्याहून उशीर झाला, तर दातच काढावा लागतो.

तेव्हा आजच उजेडात आरशासमोर उभे राहा आणि दाढांच्या खाचा नीट पाहा. काळा ठिपका किंवा खड्डा दिसला, तर दुखण्याची वाट पाहू नका. दंतवैद्याला दाखवा. दुधाचे दात पडल्यावर दुसरे येतात. यानंतर तिसरे येणार नाहीत!