तीन बिंदू आणि ध्रुवतारा

जयपूरच्या तिलक नगरातून जुन्या शहरात शिरलं, की सिटी पॅलेसशेजारी सवाई जयसिंहांचं जंतरमंतर लागतं. गर्दी असते ती सम्राट यंत्राभोवती. उंची सुमारे २७ मीटर, आणि सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकताना डोळ्यांना दिसते! पण माझं मन जडलं ते नाडीवलय यंत्रावर. दिसायला साधंच: दोन गोल तबकड्या, एक उत्तरेकडे तोंड केलेली, दुसरी दक्षिणेकडे, दोन्ही तिरक्या. हा तिरकेपणा कुठून आला?

एका रेषेत नसलेले तीन बिंदू घेतले, की त्यांतून एक आणि एकच प्रतल जातं. तिवई डगमगत नाही ती याचमुळे. अ, ब, क हे बिंदूंचे स्थानसदिश असतील, तर प्रतलावरचा कुठलाही बिंदू र = अ + स(ब − अ) + त(क − अ) असा लिहिता येतो. स आणि त या हव्या त्या संख्या. त्या बदलत राहा, अख्खं प्रतल पालथं घालून होतं.

आता नाडीवलयाकडे वळू. तबकडीचा मध्य हा आरंभबिंदू. पूर्व, उत्तर आणि वर या तीन दिशा. पहिला बिंदू मध्यच, (०, ०, ०). दुसरा पूर्वेच्या कडेचा, (१, ०, ०). तिसरा माथ्याचा. जयपूरचा अक्षांश साधारण २७ अंश, म्हणून इथे आकाशातलं विषुववृत्त, ज्याच्या प्रतलात या तबकड्या आहेत, दक्षिणेला ६३ अंश उंचीवर मध्याह्नवृत्ताला छेदतं, माथ्याचा बिंदू (०, −०.४५४, ०.८९१). दुसऱ्या आणि तिसऱ्या सदिशाचा सदिश गुणाकार केला, की दोघांनाही लंब असलेला सदिश मिळतो. चिन्हं उलटली की तो होतो (०, ०.८९१, ०.४५४): नेमकी उत्तर, क्षितिजापासून २७ अंश वर. रात्री तिथे बघा, ध्रुवतारा! दगडावरचे तीन बिंदू घेतले काय, आणि बोट थेट ध्रुवाकडे वळलं काय.

या लंबसदिशाला ‘न’ म्हटलं, तर समीकरण उरतं एवढंच: र · न = ०. सूर्याच्या दिशेचा सदिश त्यात घालून बघा. २१ जूनच्या दुपारी उत्तर येतं सुमारे ०.४, धन, ऊन उत्तरेच्या तबकडीवर. डिसेंबरच्या अयनदिनी उणे ०.४, आणि ऊन दक्षिणेच्या. विषुवदिनी शून्य, सूर्य प्रतलातच. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हावरून ऋतू कळतो, हे मला कितीदा पाहिलं तरी जुनं होत नाही.

जयसिंहांच्या दरबारात युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ नावानं संस्कृतात आणली ती जगन्नाथ सम्राटांनी, अल-तूसीच्या अरबी पाठावरून. परंपरा त्यांना महाराष्ट्रातले ब्राह्मण मानते. प्रतलांचा विचार त्या ग्रंथात आहे. सदिश मात्र एकोणिसाव्या शतकातले. यंत्र बांधणाऱ्यांनी हे सगळं सदिशांवाचून साधलं.

हेच यंत्र पुण्यात उभारायचं, तर फक्त अक्षांश बदला: १८.५ अंश. लंबसदिश होतो (०, ०.९४८, ०.३१७) आणि तबकडी जमिनीशी ७१.५ अंशांचा कोन करते, म्हणजे जयपूरपेक्षा बरीच ताठ.