प्लास्टिकच्या कणावर घडणारे जिवाणू

महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आणली, तेव्हा तक्रार कचऱ्याची होती. थर्माकोल कुजत नाही, त्याने नाले तुंबतात, एवढंच. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्याच पॉलिस्टायरीनचं नाव पुढे एका वेगळ्याच प्रकरणात निघालं.

अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठात नीला ग्रॉस, मुहम्मद झमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलाय हे जिवाणू प्लास्टिकच्या बारीक कणांसोबत, म्हणजे मायक्रोप्लास्टिकसोबत, वाढवले आणि त्यांना प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिक्सच्या, सौम्य मात्रा दिल्या. अँपिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन अशी चार औषधं होती. नुसत्या औषधाच्या सहवासात जिवाणू जेवढे निर्ढावतात, त्याहून प्लास्टिकसोबतचे कितीतरी जास्त निर्ढावले. सर्वांत वाईट परिणाम पॉलिस्टायरीनचा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे : प्लास्टिक आणि औषध दोन्ही काढून घेतल्यावरही हा रोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याची क्षमता, बऱ्याचदा टिकून राहिला.

हे घडतं कसं? पाण्यात तरंगणाऱ्या एकट्या जिवाणूला औषध सहज गाठतं. पण पृष्ठभाग मिळाला की जिवाणू त्याला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात आणि बायोफिल्म तयार होते. न धुतलेल्या बादलीला आतून जो बुळबुळीत थर धरतो, तो हाच. त्यातून औषध आत झिरपायला वेळ लागतो; खोलवरचे जिवाणू सुस्त असतात, त्यांच्यावर औषधाची मात्रा नीट चालत नाही. शिवाय काही प्रतिजैविकांचे रेणू प्लास्टिकला चिकटून राहतात. म्हणजे मारण्याइतकं नाही, पण सराव होईल इतकं औषध तिथे असतं. त्यात दाटीवाटी. चाळीत वाटीभर साखर या दारातून त्या दारात जावी, तशी इथे रोधाची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यांवरून एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. जर्मनीतल्या श्टेख्लिन सरोवराच्या पाण्यावर केलेल्या अभ्यासात २०१८ सालीच हे दिसलं होतं : मोकळ्या पाण्यापेक्षा प्लास्टिकच्या कणांवर ही देवघेव जास्त होते.

चिकटायला दगड, वाळूही चालेल की, असं कुणी म्हणेल. रास्त शंका आहे. न्यू जर्सीतल्या संशोधकांनी सांडपाणी केंद्रांतल्या गाळात तीच तपासली. प्लास्टिकवरच्या थरात काही रोध-जनुकांचं प्रमाण वाळूवरच्या थरापेक्षा ३० पटींपर्यंत जास्त भरलं.

अर्थात प्रयोगशाळा म्हणजे नदी नव्हे, आणि प्लास्टिकमुळे नेमके किती रुग्ण दगावले, असा हिशेब यातून निघत नाही. पण २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. त्याचा दोष आपण उठसूट गोळ्या लिहून देणारे डॉक्टर, कोर्स अर्धवट सोडणारे रुग्ण आणि कोंबड्यांना औषध चारणारे व्यावसायिक यांच्यावर टाकतो. तो त्यांचा आहेच. मात्र आपल्या शरीरातून बाहेर पडलेलं औषध, आतड्यातले जिवाणू आणि सिंथेटिक कपडे धुताना सुटलेले प्लास्टिकचे तंतू हे तिन्ही एकाच गटारात जातात. या गटाराच्या शेवटी असलेल्या प्रक्रिया केंद्राला आपल्याकडे बीओडीचा, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाचा, निकष आहे, तरंगत्या घन कणांचा आहे, मैलाजन्य जिवाणूंचाही आहे. मायक्रोप्लास्टिकचा अजून नाही, आणि तो लवकर यायला हवा.