वाळवंटातील घरबांधणी आणि शंभर वर्षांचे पाणी

घर विकणे हा व्यापार खरा. परंतु इतर व्यापारांत आणि त्यात एक मोठे अंतर आहे. कापड वाईट निघाले तर गिऱ्हाईक पुढील खेपेस दुसऱ्या दुकानी जाते. घर वाईट निघाले तर कुटुंबाची जन्माची पुंजी बुडते. म्हणूनच अमेरिकेतील फिनिक्स नगराच्या घरबांधणी व्यवसायाची हकीकत सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

फिनिक्स ही ॲरिझोना राज्याची राजधानी. ती सोनोराच्या वाळवंटात वसली असून तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो अवघा सात-आठ इंच. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस तेथील कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. असे असूनही १९५० साली सुमारे १ लाख ७ हजार असलेली नगराची वस्ती २०२० च्या शिरगणतीत १६ लाखांवर गेली. आसपासची उपनगरे धरता ती ४८ लाखांवर भरते.

या वाढीस वातानुकूलन यंत्र, मोटारगाडी आणि स्वस्त जमीन ही तीन कारणे झाली. जॉन लाँग यांनी १९५० नंतरच्या दशकात मेरीव्हेल ही वसाहत एकाच धर्तीच्या घरांनी उभी केली. डेल वेब यांनी १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी ही उतारवयीन लोकांची नगरी खुली केली, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुमारे एक लाख माणसे ती पाहावयास लोटली. रीत तीच आजही चालते. शेतजमीन घाऊक घ्यावयाची, रस्ते व नळ घालावयाचे, नमुन्याची चार-सहा घरे सजवून ठेवावयाची आणि त्यांवरून शेकडो घरे विकावयाची.

या धंद्याने उधारीचा फटकाही सोसला आहे. २००४-०५ च्या सुमारास या महानगरात वर्षाला सुमारे साठ हजार नव्या घरांचे परवाने निघत होते. पुष्कळ घरे राहण्यासाठी नव्हे, तर चढ्या भावाने पुन्हा विकण्यासाठी घेतली जात होती. २००६ नंतर बाजार फिरला; पाच वर्षांत भाव निम्म्याहून खाली आले आणि हजारो कुटुंबांची तारण घरे सावकारी संस्थांकडे गेली. पैशाची ही तूट कालांतराने भरून आली. पाण्याची तूट मात्र बाजार फिरला म्हणून भरून येत नाही.

पाण्याचे मोल या खोऱ्यातील लोकांस पूर्वीपासून ठाऊक होते. १९०३ साली तेथील जमीनमालकांनी संघ स्थापून आपल्या जमिनी धरणाच्या कर्जास तारण दिल्या. त्यातूनच १९११ साली रूझवेल्ट धरण पुरे झाले. पुढे कोलोरॅडो नदीचे पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने आणण्याचे काम १९७३ मध्ये सुरू होऊन १९९३ मध्ये संपले. विहिरींचा बेसुमार उपसा थांबत नाही तोवर कालव्यास पैसा मिळणार नाही, अशी तंबी मध्यवर्ती सरकारने दिली आणि १९८० साली राज्याने भूजलाचा कायदा केला. त्याचे मर्म असे की, नियंत्रित क्षेत्रात जमिनीचे सहा किंवा अधिक भूखंड पाडून विकणाऱ्याने शंभर वर्षे पुरेल इतक्या पाण्याची हमी आधी सिद्ध करावी. नगराच्या पाणीपुरवठ्यासच तशी मान्यता असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर दाखला मिळवावा लागतो.

जून २०२३ मध्ये राज्याच्या जलखात्याने भूजलाचा हिशेब मांडला, तेव्हा शंभर वर्षांत सुमारे चार टक्के मागणी अपुरी राहील असे निघाले. ही तूट ४८ लाख ६० हजार एकर-फूट होय. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. सबब केवळ भूजलाच्या भरवशावर नवे दाखले देणे थांबले. नदीच्या पाण्याचा हक्क असलेल्या जुन्या नगरांना झळ लागली नाही. बकआय, क्वीन क्रीक यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या गावांना मात्र ती लागली.

कायद्यास पळवाटही होती. स्कॉट्सडेल नगरालगतच्या रिओ व्हर्दे फुटहिल्स भागात जमिनीचे पाच-पाच किंवा त्याहून कमी तुकडे पाडून घरे विकली गेली, म्हणजे दाखल्याची अट लागू होईना. तेथील शेकडो कुटुंबे टँकरच्या पाण्यावर होती. १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने ते पाणी बंद केले. पुढे विधिमंडळाने कायदा करून तात्पुरती सोय लावली, तरी मधले महिने लोकांनी कागदी ताटल्यांवर जेवून आणि पावसाचे पाणी साठवून काढले. ज्यांनी तुकडे विकले त्यांचा नफा केव्हाच पदरात पडला होता. भोगावे लागले ते घेणाऱ्यांना.

बांधकाम व्यावसायिकांची बाजूही ऐकली पाहिजे. निर्बंधांमुळे घरे दुर्मिळ व महाग होतात, आणि सामान्य नोकरदाराने जावे कोठे, असे ते विचारतात. त्यांच्या संघटनेने २०२५ मध्ये न्यायालयाचे दारही ठोठावले. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा करून एक मार्ग काढला. शेतीचे पाणी कायमचे सोडून दिल्यास त्याच्या काही अंशावर घरे बांधता येतात. घरांना शेतीहून कमी पाणी लागते, म्हणून उपसा एकंदरीत घटतो. आम्हांस हा मार्ग व्यवहार्य वाटतो, कारण त्यात खर्च मांडण्यापूर्वी जमा दाखवावी लागते.

व्यापाऱ्यास हे नवे नाही. गोदामात नसलेला माल विकून जो इसार घेतो, त्याची पत एका हंगामापुरती टिकते. वाळवंटात घराचा खरा पाया सिमेंटचा नसून पाण्याच्या त्या दाखल्याचा आहे. आपल्या गावीही नवी वसाहत उभी राहत असेल, तर पैसा गुंतविणाऱ्याने आणि घर घेणाऱ्याने भिंतींच्या रंगाआधी पाण्याचा कागद मागावा, आणि विकणाऱ्याने तो न मागता पुढे ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.