पंख्याच्या दोन बाजू

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना कात्रजचा घाट मागें पडला, कीं थोड्याच वेळांत भोर तालुका लागतो. या रस्त्याकडेच्या गांवांत आतां शेतांच्या बांधाला लागून कारखान्यांचीं पत्र्याचीं छपरें दिसतात. पश्चिमेस भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन्ही तालुक्यांत सह्याद्रीच्या रांगा आहेत व त्यांच्या कुशींत भाटघर, गुंजवणी, पानशेत हीं धरणें आहेत. अशा मुलखांत एक प्रश्न सहज उद्भवतो. कामगारांच्या रक्षणासाठीं सरकारी निरीक्षकानें दिलेल्या आज्ञेचा परिणाम भोंवतालच्या हवापाण्यावर काय होईल, हें आधीं तपासलें पाहिजे काय?

अमेरिकेंत १९७० सालीं पर्यावरण-धोरणाचा व कामगार-सुरक्षेचा असे दोन्ही कायदे झाले. पहिल्यानें केंद्र सरकारच्या खात्यांवर परिणाम-परीक्षणाचें बंधन घातलें. त्यांत सुरक्षेचें खातेंही सांपडलें. तेव्हां मजूर खात्याच्या नियमांत एक मार्मिक भेद करण्यांत आला. यंत्राला कठडा, जिन्याला कठडा अशा अपघात टाळणाऱ्या नियमांना परीक्षणाची माफी मिळाली. त्यांनीं बाहेरचें पान हालत नाहीं. आरोग्याच्या नियमांना मात्र सरसकट माफी मिळाली नाहीं. कारण उघड आहे: विषारी धूळ कामगाराच्या नाकापासून दूर करावयाची, तर ती कोठेंतरी जाणारच.

आपल्याकडील १९४८ च्या कारखाना कायद्यांतही आरोग्य व सुरक्षा हीं प्रकरणें निरनिराळीं होतीं. धूळ जेथें उठते तेथूनच ती ओढून घ्यावी, असें त्याचें १४ वें कलम सांगे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेनें घेतली. पर्यावरण-मंजुरीची अधिसूचना २००६ ची. तिच्या परिशिष्टांत प्रकल्पांची यादी आहे. निरीक्षकाची आज्ञा त्या यादींत नाहीं. यादींत नांव नसणें, हीच येथली सूट. धोक्याचें यंत्र तत्काळ बंद करावयाचें असतां अहवालांची वाट पाहणें क्रौर्य ठरेल, म्हणून ही सूट रास्तच म्हटली पाहिजे.

परंतु पंख्याला दोन बाजू असतात. आंतली बाजू औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतें. बाहेरची बाजू १९८१ च्या हवा-प्रदूषण कायद्यान्वयें प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे येते. दोन कचेऱ्यांनीं एकमेकींस विचारलें नाहीं, तर कामगाराच्या छातींतून निघालेली धूळ शेजारच्या भातावर बसते. ३१ जुलै २०२४ च्या पश्चिम घाट मसुद्यानें संवेदनशील गांवांत ‘लाल’ वर्गाच्या नव्या कारखान्यांना मनाई सुचविली. पण उभ्या कारखान्यांतला नवा पंखा म्हणजे कांहीं नवा कारखाना नव्हे.

उपाय अवघड नाहीं. पंख्यापुढें कापडी पिशव्यांचें गाळणयंत्र बसविल्यास धूळ बाहेर पडण्याआधींच अडते. पाण्यानें धुतल्यास मात्र तीच धूळ ओढ्यानें नीरेच्या खोऱ्यांत उतरावयाची. पिशवींत सांचलेली भुकटी विषारी असेल, तर तिची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणें लावावी लागते.