गोडाला फुलं, रक्ताला आपण

"तुझं रक्त गोड आहे ना, म्हणून तुलाच चावतात," असं म्हणत आजी माझ्या पायांना खोबरेल चोळायची. शेजारी बसलेल्या भावाला एक डास शिवायचा नाही, आणि माझ्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गांधी उठलेल्या. आजीचं निम्मं बरोबर होतं. डासांची आवडनिवड असते. गोडाचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. गोड हवं तेव्हा डास फुलांकडे जातात. नर काय, मादी काय, रोजचं पोट मधुरसावर आणि झाडांच्या रसावर भरतं. रक्त लागतं ते फक्त मादीला, अंडी पिकवण्यासाठी. त्यासाठी लागणारी प्रथिनं फुलांत कुठून मिळणार? आपण सरसकट 'डास चावला' म्हणतो, त्यात बिचाऱ्या नराची फुकट बदनामी.

मग भाऊ सुटायचा कसा? मादी आपल्याला हुडकते ती आधी श्वासावरून. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला लांबूनच कळतो. रात्री नेमकी कानाशी गुणगुण होते, कारण श्वासाचा झोत तिथेच जवळ असतो. पुढे अंगाची ऊब आणि कातडीचा वास वाट दाखवतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली व्हॉसहॉल यांच्या गटाने 64 जणांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवले आणि त्यांचे तुकडे एडिस डासांपुढे ठेवले. हे संशोधन 2022 साली प्रसिद्ध झालं. सर्वांत लाडका माणूस सर्वांत नावडत्यापेक्षा शंभरपट लाडका निघाला, आणि काळ गेला तरी ही आवड बदलली नाही. लाडक्यांच्या कातडीवर कार्बॉक्झिलिक आम्लं जास्त होती. म्हणजे आजीने रक्ताऐवजी कातडीचं नाव घेतलं असतं, तर तिला पूर्ण गुण द्यावे लागले असते.

'चावणं' हा शब्दही तसा ढोबळच. डासाची सोंड म्हणजे एक म्यान, त्यात केसाहून बारीक सहा सुया. दोन करवतीसारख्या दातेरी, कातडी कापणाऱ्या. दोन चीर फाकवून धरणाऱ्या. एकीतून लाळ आत जाते, एकीतून रक्त वर येतं. म्यान बाहेरच दुमडून राहतं आणि सुया कातडीखाली वाकून वाकून रक्तवाहिनी शोधतात. पोटात मावतं ते जेमतेम तिच्या वजनाइतकं, दोन-तीन मिलिग्रॅम. शहरी हिवतापाची वाहक ॲनोफिलिस स्टीफेन्सी रक्त पिताना मागच्या टोकाला एक लालसर थेंब लोंबता ठेवते. आपलं गरम रक्त तिला सोसत नाही. थेंबातलं पाणी उडून जातं, तशी ती थंड होते.

खाजेला जबाबदार ही लाळ. रक्त गोठू नये आणि वाहिन्या रुंद राहाव्यात, याची द्रव्यं तिच्यात असतात. आपल्या शरीराला ती परकी. कातडीतल्या पेशी हिस्टामीन सोडतात, वाहिन्या पाझरतात, गांध उठते, खाज सुटते. म्हणजे गांध डास उठवत नाही, आपणच उठवतो. आयुष्यातल्या अगदी पहिल्या दंशाला बहुधा काहीच उठत नाही, शरीराची त्या लाळेशी अजून ओळख नसते. ओळख झाली की भांडण सुरू.

लाळेबरोबर कोण आत शिरतं, हा खरा घोर. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. पुढे तो लाळग्रंथींत पोचतो, तिथून आपल्या यकृतात आणि मग तांबड्या पेशींत. पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते. डेंगीचा विषाणू नेणारी एडिस दिवसा चावते, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी इथे फारशी उपयोगी नाही. तिचं जेवणही अर्धवट राहतं. एकाने झटकलं की ती दुसऱ्याच्या पायावर बसते. एका घरात दोघं-तिघं एकदम तापाने पडतात, ते बरेचदा यामुळेच.

मुंबईत 1911 साली डॉ. बेंटली यांनी हिवतापाचं मूळ शोधलं, तेव्हा बोट दलदलीकडे गेलं नाही. शहरातल्या विहिरींकडे गेलं. त्यांतल्या स्वच्छ पाण्यात स्टीफेन्सी वाढत होती. अनेकांची श्रद्धा विहिरींशी जोडलेली, त्यामुळे बुजवायला विरोध झाला. झाकणं घालून बंद करण्यावरही वाद झडले. आज तीच स्टीफेन्सी गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत सापडते.

गेल्या पावसाळ्यात महापालिकेची आरोग्यसेविका आमच्याकडे आली. मी ऐटीत म्हटलं, "आमच्याकडे काही नाही हो, डास नाल्यावरून येतात." तिने बॅटरीचा झोत मनीप्लांटच्या बाटलीवर टाकला. पाण्यात आठ-दहा अळ्या वळवळत होत्या, झोत पडताच खाली गेल्या. एडिस जन्मल्या जागेपासून सहसा दोन-तीनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे आठवडाभर मला फोडून काढणारी मादी बहुधा माझ्याच बाल्कनीत लहानाची मोठी झाली होती.

मी पाणी बागेत ओतलं आणि बाटली पुन्हा भरायला नळाखाली धरली.

"काका, नुसती ओतून काय होतंय?" ती म्हणाली. "अंडी काचेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. आधी घासणी घ्या."