टँगो गीतांतील भाड्याची खोली

टँगो म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर नाचणारे जोडपे उभे राहते. मला मात्र त्यातील गोष्टीचे अगत्य अधिक. १९१७ साली कार्लोस गार्देलने पास्क्वाल कोन्तुर्सीचे ‘मी नोचे त्रिस्ते’ गायिले आणि ब्यूनोस आयर्सच्या या गाण्याला कथेची चटक लागली. कथा एवढीच : बाई सोडून गेली, पुरुष खोलीत एकटा उरला. पण दुःख सांगतात ते वस्तू. गिटार कपाटात टांगलेली, तिला कोणी हात लावीत नाही. दिवादेखील उजेड द्यायला नाखूष!

ही खोली कुणाची? पोटासाठी इटली-स्पेनहून आलेल्या माणसांची. ‘कोन्व्हेन्तिज्यो’ म्हणजे तिथली चाळ. एका खोलीत एक बिऱ्हाड. १९०७ साली याच चाळकऱ्यांनी भाडेबंदीचा संप केला होता. ज्याच्यापाशी चारच वस्तू, त्याची प्रतीके दुसरीकडून कशी येणार?

१९३४ च्या ‘काम्बालाचे’त दिसेपोलोने जुन्या बाजाराचे दुकान घेतले. काचेआड बायबल आणि पाणी तापवायचा बंब शेजारी शेजारी! साऱ्या शतकाचा भाव त्याने तेवढ्यात सांगितला.

कोणी याला रडगाणे म्हणतात. त्यांनी १९३३ साली गार्देलने गायिलेले ‘आल पिए दे ला सान्ता क्रूस’ ऐकावे. त्यात संप आहे, घरोघरी उपासमार आहे, आणि शिक्षा होऊन दूर धाडलेला कामगार आहे. म्हाताऱ्या आईबापांना शिक्षेचा पत्ता नाही. सून त्यांच्याशी दयेपोटी खोटे बोलते.