परमुलखातील वीज

आमच्या घराच्या माळ्यावर, गणपतीचे मखर आणि गतवर्षीचा आकाशकंदील यांच्या मधोमध, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले एक कॉफीचे यंत्र आहे. माझी थोरली बहीण न्यू जर्सीस असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीस ती पुण्यास आली तेव्हा तिने ते मोठ्या हौसेने आणले, आणि ती परत गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तापकीर गल्लीतून चाळीस रुपयांस आणलेल्या एका अडॅप्टरच्या भरवशावर मी ते स्वयंपाकघरातील सॉकेटात लावून त्याचे आयुष्य सुमारे दीड मिनिटात संपविले. प्रथम पाणी विलक्षण त्वरेने खदखदले, त्यामुळे अमेरिकी कारागिरीविषयी मनात क्षणभर आदर उत्पन्न झाला. मग जळक्या रबराचा वास सुटला. आणि मग स्वयंपाकघरातील दिवे गेले. अडॅप्टर घेऊन तक्रार करावयास गेलो, तेव्हा दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला व अत्यंत शांतपणे तो म्हणाला, "साहेब, मी तुम्हाला पिन विकली, वीज नाही विकली."

त्या गृहस्थाचे म्हणणे तंतोतंत खरे होते. परदेशी जाताना, किंवा परदेशातून आलेली वस्तू घरी वापरताना, पिनेचा आकार आणि विजेचा दाब या दोन अगदी निरनिराळ्या बाबी असतात, आणि अडॅप्टर हा बापडा त्यांपैकी पहिलीचेच निवारण करतो. चपट्या पिनेस गोल भोकाचा मार्ग दाखविणे एवढेच त्याचे काम. त्या मार्गाने किती व्होल्ट येणार याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टांची असते आणि आपल्याकडे २३० व्होल्टांची. दाब जवळजवळ दुप्पट झाला तर उष्णताही दुप्पट होईल, असे मला वाटत होते. परंतु दाब वाढला की त्याच तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो, आणि उष्णता ही त्या दोहोंच्या गुणाकारावर ठरत असल्यामुळे ती वर्गाच्या हिशेबाने, म्हणजे पावणेचारपटीच्या जवळपास, वाढते. ज्या यंत्राने न्यू जर्सीत ९०० वॅट घेतले असते, त्याने आमच्या घरी ३३०० वॅट ओढले. सहा अँपिअरच्या सॉकेटातून चौदा अँपिअर खेचले गेले. आणि दीड मिनिट तग धरल्याबद्दल त्याचे कौतुकच करावयास हवे.

याच्या उलट प्रकार तितकासा नाट्यमय नसतो, पण मनस्ताप देण्यात तो उणा नाही. आपली १००० वॅटची इस्त्री अमेरिकेत लावली तर ती जळत नाही, फुटत नाही, कसलाही अपघात होत नाही. ती केवळ २७२ वॅटांची होते, आणि मुंजीस नेसावयाच्या पैठणीची घडी मोडण्याऐवजी तिच्यावर आजारी माणसाच्या हातासारखी कोमटपणे फिरत राहते. मिक्सरचेही तेच. भिजवलेली डाळ वाटण्याइतका जोर निम्म्या दाबावर त्याच्या अंगी येत नाही, तो नुसता घरघरतो. म्हणूनच तिकडे बिऱ्हाड करणाऱ्यांसाठी ११० व्होल्टांचे मिक्सर येथील कारखाने मुद्दाम बनवितात, आणि लग्न होऊन जाणाऱ्या मुलीच्या सामानात ते जातात.

हा दोन दाबांचा द्वैतवाद कोठून आला, हे पाहू लागले म्हणजे त्यामागे शास्त्रापेक्षा वहिवाटच अधिक असल्याचे दिसते. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने आपले वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा त्याच्या कार्बनतंतूच्या दिव्यांना मानवेल असा सुमारे ११० व्होल्टांचा दाब त्याने मुक्रर केला, आणि तोच अमेरिकेत रूढ झाला. पुढे १८९९ मध्ये बर्लिनच्या वीजकंपनीने आपला दाब वाढवून २२० व्होल्ट केला. कारण तेवढीच वीज दुप्पट दाबाने पाठविली तर प्रवाह निम्मा लागतो आणि तांब्याच्या तारा बारीक चालतात. या तांब्याच्या बचतीत ग्राहकांची जुनी उपकरणे बदलून देण्याचा खर्च भरून निघाला, आणि युरोपने हळूहळू तोच कित्ता गिरविला. अमेरिकेत मात्र तोवर इतक्या घरांतून इतके दिवे लागलेले होते की, ते सारे मोडीत काढण्याची छाती कोणासच झाली नाही. (तेथील घरात खांबावरून वस्तुतः २४० व्होल्टच येतात, कपडे वाळविण्याच्या यंत्रासारख्या दांडग्या गिऱ्हाइकास ते पूर्ण मिळतात, इतरांना अर्ध्यावर भागवावे लागते.) इंग्लंड २४० वर अडून बसले, उर्वरित युरोप २२० वर, अखेर उभयतांमध्ये २३० चा तहनामा झाला, इंग्लंडने तो १९९५ पासून अमलात आणला, आणि चढउताराची मुभा इतकी सैल ठेवण्यात आली की प्रत्यक्षात कोणाच्याही घरातील दाब एका व्होल्टानेही बदलण्याची गरज पडली नाही. दप्तरी कारभारात असे चोख काम क्वचितच पाहावयास मिळते.

पिनेचा इतिहास याहून गमतीचा आहे. आरंभी वीज ही दिव्यांसाठीच घरात येई, त्यामुळे इस्त्रीसारखी वस्तू लावावयाची तर दिवा काढून त्याच्याच होल्डरला ती जोडावी लागे. आपल्याकडेही जुन्या चाळींतून हा प्रकार पाहिलेले लोक आहेत. अमेरिकेत हार्वे हबेल याने सुट्या होणाऱ्या प्लगाचे पेटंट १९०४ मध्ये मिळविले. आपल्या भिंतींवर आज जी तीन गोल भोके दिसतात, ती इंग्रजी अमलाची देणगी होय. पाच अँपिअरची लहान आणि पंधरा अँपिअरची मोठी, अशा दोन मापांत ती आली आणि राहिली. गंमत अशी की, १९४७ साली इंग्रज हा देश सोडून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या घरच्या भिंतींसाठी गोल पिना टाकून चौकोनी पिनांचे नवे मानक जाहीर केले. युद्धानंतर तांब्याची टंचाई होती; ते वाचावे म्हणून घरभर एकच गोलाकार तारमंडल फिरवावे, त्यावर सगळी सॉकेटे लावावीत आणि प्रत्येक प्लगाच्या पोटातच त्याचा स्वतःचा फ्यूज ठेवावा, अशी ती योजना होती. तिची रूपरेषा ठरविणाऱ्या समितीत कॅरोलाइन हॅस्लेट ही एकच स्त्री होती. सॉकेटाच्या भोकांवर आतून झडपा असाव्यात आणि लांब असलेली अर्थिंगची पिन आत शिरल्यावाचून त्या उघडू नयेत, म्हणजे मुलाने भोकात काही खुपसले तरी त्यास धक्का बसणार नाही, अशी ती तजवीज आहे.

या झडपेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. दोन पिनांचा चार्जर झडपेच्या सॉकेटात जात नाहीसे दिसले की, आपल्यापैकी कितीतरी जण वरच्या भोकात पेनाचे टोपण किंवा रिफिल खुपसून झडप उघडतात आणि खालून चार्जर सरकवितात. लंडनच्या हॉटेलातही हीच करामत करून दाखविणारे एक सेवानिवृत्त अधिकारी आमच्या सहलीत होते. जी झडप मुलाच्या बोटास अडविण्यासाठी बसविली, ती वडीलधाऱ्यांनी पेनाने उघडावी, यापरते त्या बाईंच्या कल्पकतेचे अवमूल्यन कोणते? त्या हॉटेलच्या न्हाणीघरात मात्र त्यांची मात्रा चालली नाही, कारण तेथे साधे सॉकेटच नव्हते. इंग्लंडात न्हाणीघरात केवळ दाढीच्या यंत्रापुरते एक छोटे सॉकेट असते, त्यामागे स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर बसविलेला असतो, आणि तो इतका अशक्त असतो की त्यावर केस वाळविण्याची आशाच धरू नये.

युरोपखंडात दाब आपल्याच इतका, त्यामुळे तेथे प्रश्न केवळ भोकांचा. आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिना तेथे बहुधा सहज जातात. तीन पिनांचा प्लग मात्र अडतो. जर्मन सॉकेट खोल वाटीसारखे असते आणि अर्थिंगच्या पट्ट्या त्या वाटीच्या कडेला असतात; फ्रान्समध्ये अर्थिंगची पिन सॉकेटातूनच बाहेर डोकावते; इटलीत तिन्ही भोके एका रांगेत; डेन्मार्कचे सॉकेट पाहिले तर दोन डोळे आणि हसरे तोंड असलेला चेहराच वाटतो. ऑस्ट्रेलियात चपट्या पिना तिरप्या उभ्या असतात. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने १९८६ मध्ये साऱ्या जगासाठी एकच पिन सुचविली, आणि ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांनी थोड्याफार फेरफाराने ती घेतली. बाकीच्या जगाने ते फर्मान आदराने बासनात बांधून ठेवले. दुबई किंवा सिंगापूर येथे जाणाऱ्यास इंग्रजी चौकोनी पिनेचा अडॅप्टर पुरतो, कारण दाब आपल्यासारखाच आहे.

जपानची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. तेथील दाब १०० व्होल्ट, म्हणजे अमेरिकेहूनही कमी. पण खरा चमत्कार पुढेच आहे. घराघरांत येणारा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास ठराविक वेळा दिशा पालटून पूर्वपदावर येतो. आपल्याकडे ५० वेळा, अमेरिकेत ६० वेळा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात टोकियोच्या कंपनीने जनित्रे जर्मनीहून मागविली, ती ५० ची होती. ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून मागविली, ती ६० ची. त्या दोन खरेदींपायी आजही तो एकसंध, शिस्तप्रिय देश फुजी नदीच्या आसपास विजेच्या दृष्टीने दुभंगलेला आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची विलक्षण टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती पुरेशी देता येईना. कारण ५० चे ६० आणि ६० चे ५० करणारी केंद्रे मोजकी आणि त्यांची ताकद तोकडी होती. टोकियोहून ओसाकास जाणारी शिंकानसेन ही सरहद्द प्रवाशास कळूही न देता ओलांडते. तिच्यासाठी सबंध मार्गावर ६० चाच प्रवाह ठेवला आहे, आणि पूर्वेकडच्या टप्प्यात तो मुद्दाम रूपांतर करून पुरविला जातो.

आपल्याकडे अशी सरहद्द इगतपुरीस होती. मुंबईहून तेथवर १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह आणि पुढे २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती, त्यामुळे गाडीचे इंजिन तेथे बदलावे लागे, आणि तेवढ्या अवधीत फलाटावर वडे खाऊन होत. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली. आपल्या मोबाइलचा आणि लॅपटॉपचा चार्जर हा त्या इंजिनांचा धाकटा भाऊच समजावा. आलेली वीज, ती कोणत्याही दाबाची असो, प्रथम एकदिश करावयाची, मग सेकंदास हजारो वेळा तोडून एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून काढावयाची आणि हवी तेवढीच पुढे सोडावयाची, असा त्याचा शिरस्ता असतो. त्याच्या पाठीवर, भिंगाखेरीज वाचता येऊ नये अशा अक्षरांत, 'इनपुट' या शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० असे छापलेले असते. हे आकडे दिसले की त्या वस्तूस जगात कोठेही केवळ अडॅप्टर पुरतो. एकच आकडा असेल, मग तो १२० असो की २३०, तर ती वस्तू आपल्या मुलखाबाहेर नेण्यापूर्वी दहादा विचार करावा. तेथेच एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला असेल, तर त्या वस्तूचे आवरण दुहेरी असून तिला अर्थिंगची गरज नाही. ते चिन्ह नसेल आणि प्लग तीन पिनांचा असेल, तर दोन पिनांच्या अडॅप्टरने तिची अर्थिंग तोडणे हे प्राणाशी खेळणे होय.

दाब खरोखरच बदलावयाचा असेल तर दोन मार्ग असतात, आणि दुकानात त्यांची सर्रास सरमिसळ होते. एक ट्रान्सफॉर्मर, तो लोखंडाचा, जड, गुणगुणणारा, विश्वासू. दुसरा मुठीत मावणारा कन्व्हर्टर. तो दाब खऱ्या अर्थाने उतरवीत नाही, विजेच्या लाटेचे लचके तोडून सरासरी खाली आणतो. केस वाळविणे, इस्त्री, अशा निव्वळ तापणाऱ्या वस्तूंना थोडा वेळ तो चालतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूस लावला तर त्या वस्तूची शाश्वती नाही. आणि ट्रान्सफॉर्मरनेही ५० चे ६० होत नाही. माझ्या एका स्नेह्यांनी अमेरिकेहून आणलेले गजराचे घड्याळ उत्तम ट्रान्सफॉर्मरवर लावले, पण ते विजेची स्पंदने मोजून चालणारे असल्यामुळे तासास दहा मिनिटे मागे पडू लागले. दोन दिवस त्यांचा समज असा होता की आपणच लवकर उठू लागलो आहोत. प्रवासी अडॅप्टरवर जो अँपिअरचा आकडा असतो, तोही पाहावा. सहा अँपिअरचा अडॅप्टर आपल्याकडे १३०० वॅटांच्या वर भार पेलतो. तोच १२० व्होल्टांच्या देशात जेमतेम ७२० वॅटांचा धनी असतो. किटली आणि भाताचा कुकर घेऊन सहलीस निघणाऱ्या आमच्या मंडळींनी हे गणित घरीच करून निघावे; पथ्याच्या जेवणाची निकड नसेल तर तापणारी प्रत्येक वस्तू घरीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दमेकऱ्यांचे नेब्युलायझर मात्र घरी ठेवता येत नाही. त्यातील मोटार बहुधा एकाच दाबाची असते, तेव्हा दोन्ही दाबांवर चालणारे निराळे यंत्र आधीच घ्यावे.

युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून मोबाइलसारख्या वस्तूंस यूएसबी-सी हे एकच भोक सक्तीचे केले आहे. वस्तूच्या बाजूचा तंटा त्यामुळे बराचसा मिटला. भिंतीच्या बाजूचा तंटा जसाच्या तसा उभा आहे.

यंदा दिवाळीस ताई पुन्हा आली. वसुबारसेच्या सकाळी, न्हाऊन आल्यावर, तिने बॅगेतून केस वाळविण्याचे एक यंत्र काढले. मी सहज हाती घेऊन चष्मा वर सारून पाहिले, तर पाठीवर १२० व्होल्ट आणि १८७५ वॅट. आमच्या विजेवर त्याचे सहा हजार आठशेच्या वर झाले असते. "अरे, कॉफीच्या मशीनसाठी तू तो अडॅप्टर आणलेला ना," ती म्हणाली, "तो दे जरा." कॉफी रोज उत्तम होते असे दोन वर्षे फोनवर सांगत आलो होतो. मी काही न बोलता शिडी आणली, माळ्यावर चढलो, आणि धोतराचे ते गाठोडे खाली उतरवू लागलो.